पित्ताच्या खड्यांमुळे स्वादुपिंडाला सूज: सत्तरीपुढच्या रुग्णाचं ऑपरेशन दुर्बिणीने की पोट उघडून?

रुग्णाची सत्तरी उलटलेली. रात्री जेवणानंतर पोटात कळ आली, ती पाठीत गेली, उलट्या थांबेनात. सकाळी रक्तात लायपेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम हजारांच्या घरात निघालं आणि सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे दिसले. वॉर्डाबाहेर नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दुर्बिणीने होईल ना, की पोट फाडावं लागेल?"

प्रश्न रास्त आहे, पण त्याची पाळी चौथी. आधी तीन गोष्टी कळायला हव्यात: सूज किती गंभीर आहे, मुख्य पित्तनळीत खडा अजून अडकलेला आहे का, आणि रुग्णाचं हृदय, फुप्फुसं नि मूत्रपिंडं किती सोसतील. एवढं कळलं की दुर्बीण की मोठा चिरा हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं. पुढची मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

आधी नेमकं काय बिघडलंय ते

यकृतातून येणारी पित्तनळी आणि स्वादुपिंडाची नळी लहान आतड्याच्या सुरुवातीला एकाच तोंडातून उघडतात. पित्ताशयातला खडा घसरून त्या तोंडाशी अडकला की स्वादुपिंडाचा रस तुंबतो आणि ग्रंथी स्वतःच्याच रसाने भाजायला लागते. म्हणून इथे बारीक खडे जास्त घातक. दोन सेंटिमीटरचा एकुलता खडा पित्ताशयातच बसून राहतो. तीन-चार मिलिमीटरचे दाणे नळीतून निसटतात. "खडे बारीकच आहेत, काळजी नको" हे वाक्य या आजारात पूर्ण चुकीचं आहे.

बहुतेक रुग्णांत अडकलेला खडा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आपला आपण आतड्यात पडतो. सूज मात्र तिच्या गतीने चढते आणि उतरते. म्हणजे कामं दोन आहेत. आजची सूज सलाईन, वेदनाशामक आणि आहाराने निभावायची. खड्यांची पिशवी काढायची ती पुढचा झटका टाळण्यासाठी. ही दोन कामं एकच समजली की "दुखणं थांबलं, आता ऑपरेशन कशाला?" असा निर्णय होतो आणि दोन-तीन आठवड्यांनी रुग्ण पुन्हा त्याच खाटेवर येतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण शब्दाचीच आहे. "पित्त झालंय" म्हणजे आम्लपित्त. त्यामुळे पित्ताशयाच्या कळांवर घरात वर्षानुवर्षं अँटासिड आणि आवळासुपारी चालू असते. मुतखड्यासाठी पानफुटीची पानं खाणारे पित्ताच्या खड्यांवरही तीच खातात. हे दोन खडे वेगळ्या पदार्थांचे, वेगळ्या अवयवांतले. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. खडे विरघळवण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात आणि त्या निवडक खड्यांवरच चालतात. स्वादुपिंडाला एकदा सूज येऊन गेलेल्या रुग्णाने त्यांची वाट पाहत बसणं धोक्याचं आहे.

पहिले ४८ तास

निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी पुरतात: ठरावीक प्रकारचं दुखणं, अमायलेज किंवा लायपेज सामान्य मर्यादेच्या तिपटीहून जास्त, आणि सोनोग्राफी, सीटी वा एमआरआयमधले बदल. वृद्धांत दुखणं अनेकदा ठळक नसतं. नुसतं असंबद्ध बोलणं, चक्कर येऊन पडणं किंवा रक्तदाब खाली जाणं एवढंच दिसतं. म्हणून या वयात पोटाच्या वरच्या भागात दुखलं की ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) आधी. हृदयविकाराचा झटकाही तिथेच दुखतो.

लायपेजचा आकडा जितका मोठा तितका आजार मोठा, असं नाही. ३००० असलेला रुग्ण चार दिवसांत घरी जातो आणि ६०० असलेला आयसीयूत पोहोचतो. रोज तो आकडा मोजून काही साधत नाही. बघायचं ते युरिया, क्रिएटिनिन, हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय), ऑक्सिजन, लघवीचं प्रमाण आणि शुद्ध. बिसॅप नावाची मोजणी सोपी आहे: बीयूएन (रक्तातल्या युरियाचं एक माप) २५ च्या वर, भान हरपलेलं, नाडी-श्वास-ताप-पांढऱ्या पेशींपैकी किमान दोन बिघडलेले, वय ६० च्या पुढे, छातीत पाणी. प्रत्येकाला एक गुण. वयाचा एक गुण आपल्या रुग्णाला आधीच मिळालेला असतो. तीन किंवा जास्त झाले तर आयसीयू असलेल्या ठिकाणी हलवण्याचा निर्णय त्याच दिवशी घ्यावा.

सूज खड्यामुळेच आहे का, याची चांगली खूण म्हणजे एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी. पहिल्या ४८ तासांत ते १५० च्या वर गेलं असेल तर कारण खडाच असण्याची शक्यता फार मोठी. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे छान दिसतात, पण नळीच्या खालच्या टोकावर आतड्यातला वायू आडवा येतो. "सीबीडीत (मुख्य पित्तनळीत) खडा नाही" असं रिपोर्टात असेल तर त्याचा अर्थ "दिसला नाही" एवढाच घ्यावा. सोनोग्राफी पूर्ण कोरी आली तर सूज उतरल्यावर पुन्हा करावी, कारण पोट फुगलेलं असताना बारीक दाणे निसटतात. तरीही कारण सापडलं नाही तर ट्रायग्लिसराइड, कॅल्शियम, चालू औषधं तपासायची आणि स्वादुपिंडातली गाठ या झटक्यामागे लपलेली नाही ना, हे सीटी किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफीने (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेल्या सोनोग्राफीने) पाहायचं. या वयात ते सोडून चालत नाही.

निदान स्पष्ट असेल तर पहिल्याच दिवशी सीटीची घाई नको. ग्रंथीचा किती भाग मेला आहे हे ७२ ते ९६ तासांनंतरच नीट दिसतं.

सलाईन हा वृद्धांतला सर्वांत नाजूक भाग. पूर्वी "भरपूर द्या" असा दंडक होता. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या वॉटरफॉल चाचणीने तो मोडला: जोरात रिंगर लॅक्टेट हे सलाईन दिलेल्या गटात २०.५ टक्के रुग्णांच्या अंगात पाणी साचलं, मध्यम वेगाच्या गटात ६.३ टक्के. आणि जोरात दिल्याचा फायदा काहीच नाही. मध्यम वेग म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला शरीर कोरडं पडलं असेल तरच सुरुवातीला दोन तासांत ६०० मिलिलिटर, मग ताशी ९०. दर काही तासांनी छाती ऐकून, लघवी मोजून वेग बदलायचा. हृदय कमकुवत असलेल्या ७८ वर्षांच्या बाईला रात्रभर ताशी २०० ने सलाईन चालू राहिलं, तर सकाळी धाप लागते ती स्वादुपिंडामुळे नाही, सलाईनमुळे.

खाणं लवकर सुरू करावं. भूक लागली, उलटी थांबली की २४ तासांतही पेज, मऊ भात, मुगाचं वरण, साय काढलेलं ताक चालतं. चार-पाच दिवस तोंडाने जमलंच नाही तर नाकातून नळी घालून आतड्यात अन्न द्यायचं; शिरेतून अन्न हा शेवटचा मार्ग. आणि संसर्गाचा पुरावा नसताना "खबरदारी म्हणून" महागडी अँटिबायोटिक्स देऊन स्वादुपिंड वाचत नाही.

नळीत खडा अडकलेला आहे का

थंडीताप, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली दुखणं एकत्र आलं तर पित्तनळीत पू झाला आहे असं समजून चालायचं. इथे ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नळीचं तोंड कापून खडा काढणं, २४ तासांच्या आत व्हावं. वृद्धांत ही लक्षणं तिन्ही एकत्र दिसतीलच असं नाही. कधी फक्त गोंधळलेपणा आणि घसरणारा रक्तदाब असतो.

पू नसेल तर घाई नको. आजार गंभीर वाटतो म्हणून सरसकट तातडीने ईआरसीपी करावी का, हे नेदरलँड्समधल्या एपेक चाचणीने २०२० साली तपासलं. मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत तातडीच्या गटात ३८ टक्के, थांबलेल्या गटात ४४. फरक ठोस निघाला नाही. त्यामुळे बिलिरुबिन (रक्तातली कावीळ) उतरत असेल, नळी फुगलेली नसेल तर खडा पडून गेला असं धरून पुढे जाता येतं. बिलिरुबिन ४ च्या वर आणि नळीही फुगलेली, किंवा खडा प्रत्यक्ष दिसतोय, तर ईआरसीपी. मधल्या धूसर पट्ट्यात आधी एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय) किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी. पेसमेकर असेल तर एमआरसीपी सांगण्याआधी तो एमआरआयला चालणारा आहे का, त्याचं कार्ड बघावं. वयानुसार नळी थोडी रुंदावतेच, म्हणून ७५ वर्षांच्या रुग्णात नुसत्या ७ मिलिमीटरवर निष्कर्ष काढू नये.

ईआरसीपीनेच स्वादुपिंडाला नवी सूज येऊ शकते. ती टाळायला प्रक्रियेच्या वेळी गुदद्वारातून १०० मिलिग्रॅम इंडोमेथासिन देतात, मात्र मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर डॉक्टर ते टाळतील. रक्त पातळ करणारी औषधं चालू असून घाईच असेल, तर तोंड न कापता फक्त स्टेंट, म्हणजे छोटी पोकळ नळी, घालून पित्त वाहतं करता येतं.

आणि स्टेंटची तारीख. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. दुखत नाही म्हणून तो विसरला जातो. मग त्यावर गाळ साचतो, खडे बनतात, नळीत पू होतो. डिस्चार्ज कार्डावर "स्टेंट घातला: अमुक तारीख, काढायचा: अमुक तारीख" हे ठळक लिहून घ्या आणि घरच्या दिनदर्शिकेवरही खूण करा.

ऑपरेशन कधी

आजार सौम्य असेल, म्हणजे कुठलाही अवयव बंद पडलेला नाही आणि ग्रंथीभोवती पाणी साचलेलं नाही, तर पित्ताशय त्याच भरतीत काढावं. २०१५ ची पाँचो चाचणी इथे मैलाचा दगड आहे. त्याच भरतीत ऑपरेशन झालेल्यांत खड्यांमुळे पुन्हा भरती किंवा मृत्यू ५ टक्के, चार आठवड्यांनी बोलावलेल्यांत १७. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: या चाचणीत ७५ च्या पुढचे आणि सोबत गंभीर सहव्याधी असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. म्हणून धडधाकट ८० वर्षांच्या आजोबांना हा निष्कर्ष लावायला हरकत नाही, पण डायलिसिसवरच्या ७६ वर्षांच्या आजींना आंधळेपणाने लावू नये.

व्यवहारात दिवस असा निवडतात: दुखणं वेदनाशामकांशिवाय सहन होतंय, दोन वेळचं जेवण पचलंय, पांढऱ्या पेशी उतरतायत, क्रिएटिनिन जागेवर आहे. हे बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी जुळून येतं. "सहा आठवडे जाऊ द्या, सूज पूर्ण उतरू दे" हा जुना सल्ला सौम्य आजारात आता टिकत नाही.

आजार मध्यम किंवा गंभीर असेल तर उलट. ग्रंथीभोवती पाणी आहे, भाग मेलेला आहे, तर पित्ताशयाला हात लावायचा नाही. सहा आठवडे किंवा त्याहून जास्त थांबून, पुन्हा सीटी करून, पाणी विरल्यावर किंवा त्याभोवती पक्की भिंत झाल्यावरच. आधी गेलं तर सगळं चिकटलेलं, रक्ताळलेलं सापडतं आणि साचलेल्या निर्जंतुक पाण्यात संसर्ग शिरतो. या मधल्या काळात नळीचं तोंड ईआरसीपीने कापून ठेवलं तर पुन्हा झटका येण्याचा धोका बराच कमी होतो.

रुग्ण सोसेल का

वय हा स्वतःहून नकाराचा आकडा नाही. दोन जिने न थांबता चढणारे, स्वतःची भाजी स्वतः आणणारे ८२ वर्षांचे गृहस्थ भूल छान सोसतात. अंथरुणाला खिळलेला ६८ वर्षांचा मधुमेही सोसेलच असं नाही. आजारापूर्वी दोन आठवडे रुग्ण काय काय करत होता, हे नातेवाइकांनी नेमकं सांगावं: अंघोळ स्वतः करत होता का, घराबाहेर एकटा जात होता का, सहा महिन्यांत वजन किती उतरलं, किती वेळा पडला. भूलतज्ज्ञाला इको रिपोर्टाइतकीच ही माहिती लागते.

औषधांची यादी आठवणीवर नको, पाकिटंच आणा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी बंद करतात, पण अलीकडे हृदयात स्टेंट बसवलेला असेल तर हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एक गोळीही चुकवायची नाही. वॉरफरिन पाच दिवस आधी बंद करून आयएनआर (रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा) दीडच्या खाली आणतात. अपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन दोन-तीन दिवस आधी, मूत्रपिंडाच्या कामानुसार. आणि सहज विसरली जाणारी गोष्ट: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या किमान तीन दिवस आधी थांबवाव्यात. त्या चालू राहिल्या तर साखर सामान्य दिसत असूनही रक्तात आम्ल साचतं आणि ऑपरेशननंतरचा तो गोंधळ लवकर ओळखू येत नाही.

आता दुर्बीण की चिरा

पोट उघडून पित्ताशय काढण्याची सुरुवात १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी केली. दुर्बिणीने ते १९८५ साली जर्मनीतच एरिश म्यूहे यांनी काढलं, आणि भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी. तेव्हापासून पिढी उलटली, तरी "या वयात दुर्बिणीचा प्रयोग नको, सरळ साधं टाक्याचं करा" असं घरचे अजून म्हणतात. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. दुर्बिणीचा सर्वांत जास्त फायदा वृद्धालाच होतो, आणि त्याचं कारण पोटात नाही, छातीत आहे.

उघड्या ऑपरेशनचा चिरा उजव्या बरगडीला समांतर, १० ते १५ सेंटिमीटर, पोटाचे स्नायू कापत जातो. प्रत्येक श्वासाला तो ओढला जातो. म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो, तो भाग मिटतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी न्यूमोनिया. दुखतं म्हणून चालणं नाही. चालणं नाही म्हणून पायात गुठळी, बद्धकोष्ठ, लघवीची नळी लांबते, झोप उडते, रात्री भ्रम होतो. पुढे वर्षभरात त्या जागी हर्निया. दुर्बिणीत चार भोकं असतात, बेंबीजवळ १० मिलिमीटरचं आणि बाकीची ५ ते १० ची. रुग्ण त्याच संध्याकाळी खुर्चीत बसतो, एक-दोन दिवसांत घरी जातो. चिऱ्याने पाच ते सात दिवस.

दुर्बिणीचीही किंमत आहे. पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवावं लागतं, नेहमीचा दाब १२ ते १५ मिलिमीटर पारा. त्या दाबाने हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, पंपावरचा भार वाढतो, वायू रक्तात मिसळून आम्लता वाढवतो. तरुणाला याचा पत्ताही लागत नाही. इजेक्शन फ्रॅक्शन (हृदयाची पंप करण्याची ताकद) ३० टक्के असलेल्याला लागतो. उपाय आहेत: दाब ८ ते १० वर ठेवणं, वायू हळू भरणं, टेबल डोक्याकडून उचलताना टप्प्याटप्प्याने उचलणं, धमनीत सुई टाकून प्रत्येक ठोक्याला रक्तदाब बघणं, नाडी अचानक मंदावली तर लगेच वायू सोडून देणं. दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) हे दुर्बिणीला नकार देण्याचं कारण क्वचितच ठरतं, कारण ऑपरेशनच्या तासाभराचा त्रास पुढच्या पाच दिवसांच्या श्वासापेक्षा स्वस्त पडतो.

आत काय घडतं ते थोडं जवळून पाहू. सूज येऊन गेलेल्या पित्ताशयाच्या मानेशी चरबी घट्ट, पाणावलेली असते आणि बोटाएवढ्या जागेत पित्ताशयाची नळी, तिची धमनी आणि मुख्य पित्तनळी शेजारी शेजारी. सर्जनने क्लिप लावण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट दिसायला हव्यात: या नळ्या आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी पूर्ण साफ, पित्ताशयाचा खालचा एकतृतीयांश भाग यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना, तिसरी नाही. स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली हा निकष मांडला. तो मिळाल्याशिवाय कात्री चालवायची नाही. मुख्य नळी कापली जाण्याचा अपघात साधारण हजारात ३ ते ५ वेळा होतो आणि त्याचं मूळ बहुतेकदा "हीच पित्ताशयाची नळी असणार" या गृहीतात असतं. शंका असेल तर तिथेच नळीत औषध सोडून एक्स-रे काढता येतो; नळीत उरलेला खडाही त्यात सापडतो आणि सोय असेल तर त्याच वेळी दुर्बिणीने काढता येतो.

निकष मिळतच नसेल तर? पूर्वीचं उत्तर होतं, पोट उघडा. आता त्याआधी एक पायरी आहे: अर्धवट पित्ताशय काढणं. धोक्याची मान तशीच ठेवायची, वरची पिशवी कापायची, सगळे खडे उचलून घ्यायचे, नळी टाकून बाहेर यायचं. काही दिवस त्या नळीतून पित्त येईल, क्वचित ईआरसीपी लागेल, पण मुख्य नळी शाबूत राहते. वृद्धात हा तोडगा फार मोलाचा.

चिरा कधी घ्यायचा, याची यादी छोटी आहे. रक्त थांबत नाही. मुख्य नळीला किंवा आतड्याला इजा झाली किंवा तशी दाट शंका आहे. आधीच्या ऑपरेशनांमुळे पोट इतकं चिकटलंय की दुर्बीण आत शिरत नाही. वायू भरताच रक्तदाब कोसळतो आणि दाब कमी करूनही सावरत नाही. पित्ताशयाचा कर्करोग असल्याची शंका. शिवाय दुर्बिणीचा पुरेसा सराव असलेला सर्जन तिथे नाही आणि रुग्ण हलवण्याजोगा नाही. यातलं काहीही झालं तर चिरा घेणं ही शहाणपणाची गोष्ट आहे, सर्जनचा पराभव नाही. संमतीपत्रावर "गरज पडल्यास पोट उघडून" हे वाक्य असतंच; त्यावर सही करताना ती गरज कोणत्या परिस्थितीत, हे आधी विचारून घ्या.

पित्ताशय काढणं शक्यच नसेल तर

फार खचलेला रुग्ण, किंवा स्वतः रुग्णालाच ऑपरेशन नको. मग ईआरसीपीने नळीचं तोंड कापून ठेवणं हा पर्याय. स्वादुपिंडाचा पुढचा झटका त्याने बऱ्याच अंशी टळतो. पित्ताशय मात्र जागेवर, खड्यांसकट. त्याची सूज, त्यात पू होणं टळत नाही. हे नातेवाइकांना माहीत असावं, म्हणजे सहा महिन्यांनी ताप आला तर त्याचं मूळ कुठे असू शकतं ते लक्षात येईल. पण "वय झालंय" एवढ्याच कारणावर हा पर्याय घेऊ नये.

स्वादुपिंडाचा भाग मेला आणि त्यात पू झाला तर

इथे "दुर्बीण की चिरा" हा प्रश्न पुन्हा येतो, पण वेगळ्या अवयवासाठी आणि जास्त वजनाने. पूर्वी पोट उघडून मेलेला भाग हाताने उपसत. २०१० साली नेदरलँड्समधल्या पँथर चाचणीत हे उघडं ऑपरेशन आणि पायरी-पायरीची पद्धत समोरासमोर ठेवली गेली. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू: उघड्या गटात ६९ टक्के, पायरीच्या गटात ४०. पायरीच्या गटातल्या ३५ टक्के रुग्णांना नुसती नळी टाकून पू काढणंच पुरलं, मेलेला भाग काढावाच लागला नाही. हर्निया आणि नवा मधुमेहही कमी.

पायऱ्या अशा. प्रथम अँटिबायोटिक्स आणि शक्य तितकं थांबणं, भिंत पक्की व्हायला साधारण चार आठवडे. मग सीटी किंवा सोनोग्राफीच्या मदतीने, शक्यतो डाव्या कुशीतून नळी, किंवा जठरातून एंडोस्कोपीने स्टेंट. ७२ तासांत सुधारणा नाही तर नळी मोठी करणं किंवा आणखी एक टाकणं. तरीही नाही तर त्याच वाटेने दुर्बीण घालून मेलेला भाग थोडा थोडा उचलणं. नळी बारीक असली की ती गाळाने बुजते, म्हणून ती दिवसातून अनेकदा सलाईनने धुवावी लागते. उपचार फसल्यासारखे वाटतात त्यात पुष्कळदा नळी बुजलेली असते, एवढंच. उघडं ऑपरेशन उरतं ते आतड्याला भोक पडलं, रक्तवाहिनी फुटली आणि रेडिओलॉजिस्टला ती आतून बंद करता आली नाही, किंवा पोटातला दाब अवयव दाबू लागला तेव्हा. अशा रुग्णाला रेडिओलॉजी, एंडोस्कोपी आणि शस्त्रक्रिया तिन्ही एका छताखाली असलेल्या ठिकाणी लवकर हलवावं.

ऑपरेशननंतर काय बघायचं

पहिल्या दिवशी खांदा दुखणं सामान्य. पोटातल्या वायूने छाती-पोटामधला पडदा चिडतो, एक-दोन दिवसांत थांबतं. पण वृद्धात डावा खांदा, घाम आणि धाप असेल तर वायूवर न सोडता ईसीजी मागा.

नळी ठेवली असेल तर पिशवीतला रंग रोज बघा. फिकट लालसर पाणी चालतं. हळदीसारखं पिवळं किंवा हिरवट म्हणजे पित्त गळतंय, लगेच सांगायचं. ताजं लाल रक्त भरत असेल तर त्याच मिनिटाला. नळी नसताना तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, ताप आला, डोळे पिवळे झाले, तर "गॅस झालाय" म्हणून घरी थांबू नका.

श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं स्पायरोमीटर जागेपणी दर तासाला दहा वेळा. चष्मा आणि कानाचं यंत्र शुद्धीवर येताच परत द्या. रात्रीचा भ्रम टाळायला झोपेच्या गोळीपेक्षा हे दोन उपयोगी. लघवीची नळी शक्य तितक्या लवकर काढायची. गुठळी टाळायचं इंजेक्शन चालू आहे का, ते विचारा.

जेवणात पहिले दोन-तीन आठवडे तळण, साय, ओलं खोबरं, शेंगदाण्याचा कूट कमी. दिवसातून पाच-सहा लहान जेवणं. ज्वारीची भाकरी, फोडणीचं तेल बेताचं घातलेल्या भाज्या, वरण-भात, अंड्याचा पांढरा भाग सगळं चालतं. आयुष्यभर तूप बंद करायची गरज नाही. वृद्धाला सरसकट उकडलेलं खायला घालून त्याचं वजन उतरवणं जास्त नुकसानीचं. गंभीर आजारानंतर शौच तेलकट, तरंगणारी, चिकट होत असेल तर स्वादुपिंडाचा रस कमी पडतोय; एन्झाइमच्या कॅप्सूल जेवणाच्या मधोमध घ्यायच्या असतात, जेवणानंतर तासाभराने नाही. तीन महिन्यांनी साखर तपासा. दुर्बिणीनंतर दोन आठवडे आणि चिऱ्यानंतर सहा आठवडे पाण्याची भरलेली बादली उचलू नये.

काढलेलं पित्ताशय तपासणीला गेलं का, आणि तो रिपोर्ट आला का, हे टाके काढायला गेलात की मागून घ्या. या वयात क्वचित त्यात कर्करोग सापडतो आणि रिपोर्ट फायलीत पडून राहिला तर वेळ निघून जाते.

खर्चाबद्दल एवढंच: ७० च्या पुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळतं. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र रुग्णालयातच बसतात. भरती झाल्या दिवशीच त्यांना भेटा, दुर्बिणीचं ऑपरेशन, ईआरसीपी आणि स्टेंट यांतलं काय काय त्या रुग्णालयात योजनेत बसतं ते प्रत्येकाचं वेगळं विचारा, आणि आधारकार्ड व रेशनकार्ड घरून मागवून ठेवा.